आप्पांची नाडी

चामराजपेट, बंगळूर
२२ ऑक्टोबर १९६४

प्रिय त्रिविक्रम,

आधी खाली बस आणि मग वाच. आप्पा आहेत, पण त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दसरा करून तू भिलाईला परत निघालास, त्यानंतर दोनच दिवसांनी सकाळी जोर मारायला म्हणून वाकले ते उठलेच नाहीत. धाकट्या भावाला साधी तार करता आली नाही का अक्काला, म्हणून भडकशील. भडक. पण पत्र पुरतं वाचून मग भडक.

मला अजून खरं वाटत नाही रे. आपल्या घरात आजारी पडायचं ते आम्ही बायकांनी. आप्पा म्हणजे गरडीच्या आखाड्यात लाल मातीत मुरलेला गडी, सत्तरीतही तालीम न चुकवणारा. आणि ती नाडी! दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची पानं वाटून झाली की ते सगळ्यांना ओळीनं उभं करून मनगटं धरायचे. आधी स्वतःचं मनगट पाहुण्यांना दाबायला लावायचे. बोटाखाली चाबकाच्या दोरीसारखी शीर सरकायची, आणि केवढा तोरा त्याचा! तुझं मनगट धरलं की "हा माझा!" माझं धरलं की "हिची मेणाची. स्वल्प जपून राहा गं बाई." नातवंडं झाली मला, तरी दरवर्षी तेच. मी हसत असे, पण ते मला लागायचं.

गेल्या वर्षी ती नाडी अडखळायला लागली. दोन ठोके घाईघाईनं, मग एक गडप, मग धाडकन एक. आप्पांनी त्याचंही कौतुकानं नाव ठेवलं, उडी. म्हातारा घोडा अजून उडी घेतो म्हणे! जिना चढताना दम लागायचा, तर वय झालं म्हणून सोडून दिलं. आपण सगळेच हसलो होतो ना?

हॉस्पिटलात सुधींद्र भेटला, शेजारच्या अनुसूयाबाईंचा मुलगा. आता तिथेच हृदयाचा डॉक्टर आहे. मी त्याला मोठ्या ऐटीत म्हटलं, नाडी तर बघ केवढी दणकट आहे, उठतील ते यातून. त्यानं मनगट धरलं आणि मान हलवली. म्हणाला, "अक्का, ही ताकद नव्हे, हेच दुखणं आहे." शीर मऊच हवी, म्हणे. ठोक्यासरशी फुगावी, पुन्हा बसावी. जुन्या सायकलच्या ट्यूबसारखी ती कडक झाली की हृदयाला वर्षानुवर्षं जोर लावून रक्त ढकलावं लागतं. त्यात हृदयाचे कप्पे ताणले जातात आणि कधीतरी ठोक्यांचा मेळ सुटतो. तीच आपली उडी! मेळ सुटला की आत रक्त साकळतं, गुठळी होते, आणि तीच आप्पांच्या मेंदूत जाऊन अडकली असणार. मग त्यानं सहज माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "अशी हवी." मेणाची, त्रिविक्रम! इतकी वर्षं आपण दुखण्यालाच ओवाळत होतो.

हे सगळं आप्पांच्या उशाशी चाललं होतं. त्यांना बोलता येत नाही, पण कळतं सगळं, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. संध्याकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते, तर डाव्या हाताच्या बोटानं ते आपल्या लुळ्या मनगटावर टिचक्या मारायला लागले. दोन घाईघाईनं, मग काही नाही, मग एक जोरात. आणि तू दसऱ्याला आणलेली शाल मुठीत धरून हलवायला लागले. मला वाटलं, तू हवा आहेस त्यांना. त्रिविक्रमला बोलावू का, असं विचारलं तर मान जोरजोरात हलवली, नाही. पुन्हा टिचक्या, पुन्हा शाल, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. आप्पांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं रे.

आणि मग मला परवाचा दसरा आठवला. तुझं मनगट धरून ते ओरडले होते, "ह्यालाही उडी आली!" घरभर पेढे वाटले होते. चव्वेचाळीस वय तुझं. तार केली असती तर तू मिळेल त्या गाडीत शिरून, सामान उचलून, ती उडी अंगात घेऊन धावत इकडे आला असतास. म्हणून हे पत्र. येऊ नकोस. आत्ताच्या आत्ता कारखान्याच्या दवाखान्यात जा आणि मनगट पुढे कर. शीर कडक आहे, उडी मारते, सगळं सांग, पण तोऱ्यात सांगू नकोस. डॉक्टर काय म्हणाले ते लगेच लिही. आप्पांना घरी आणलंय. डाव्या हातात माझं मेणाचं मनगट धरून पडून असतात, आणि दारात पोस्टमन दिसला की ते घट्ट आवळतात.

तुझीच,
वसुमतीअक्का