कोऱ्या पिशवीचं शून्य

सोमवार, ४
आलो एकदाच्या! नोकरी, दोन खोल्या आणि चिमणीची शाळा, सगळं एकाच गल्लीत. नवरा गेल्यापासून आम्ही दोघीच. चिमणी सहा वर्षांची आहे, पण सामान लावताना सासूबाईंसारखे हुकूम सोडत होती. कारखान्यात कोंबड्या सोलून, गार करून पाकिटांत भरतात. माझी प्रयोगशाळा मागच्या अंगाला, लख्ख पांढरी. काचसामान धुणाऱ्या मावशींनी घरी कोण कोण असतं ते विचारलं, आणि उत्तर ऐकून माझ्या चहात एक चमचा साखर जास्त घातली.

बुधवार, ६
काम हाताला बसलं. दर लॉटमधून पाच पक्षी काढायचे, तेही चिठ्ठीत निघालेल्या क्रमांकांचे. स्वच्छ दिसेल तो उचलायचा नाही. पक्षी उलटे टांगलेले असतात, सगळी घाण निथळून मानेशी येते, म्हणून कातडीचा तुकडा मानेचाच. तुकडा पिशवीत, वर निर्जंतुक पाणी, मिनिटभर हलवायचं. त्यातलं थोडं जेली ओतलेल्या प्लेटवर, प्लेट उबेच्या कपाटात. जंतू असले तर दुसऱ्या दिवशी ठिपके उगवतात. सहावी पिशवी कोरी, नुसत्या पाण्याची. तिच्यातून शून्यच यायला हवं, नाहीतर आपलेच हात घाण. इथे सकाळी भेटलं की लोक नमस्काराऐवजी ‘शून्य ना?’ असंच विचारतात. शाळेत गणितात शून्य आणलं की मार खायचे, इथे शाबासकी मिळते.

मंगळवार, १२
आज एक गोष्ट केली, ती इथे तरी खरी लिहिते. शाळेतून निरोप आला की चिमणी घसरगुंडीवरून पडली, हनुवटी फुटली. साहेबांचं म्हणणं, लॉट सतराचे नमुने लावल्याशिवाय जायचं नाही. पक्षी काढायलाच तास गेला असता. मी कोऱ्या पिशवीतलं पाणी सहाही प्लेटांवर टाकलं आणि पळत सुटले. तीन टाके पडले. ती रडली नाही, मीच रडले. एका लॉटनं काय आभाळ कोसळणार आहे?

बुधवार, १३
सहाही शून्य. येणारच होती. सही केली. लॉट सतरा बाजारात गेला.

गुरुवार, १४
मावशींनी कारखान्यातून मिळालेलं त्यांच्या वाट्याचं पाकीट दिलं, लेकीला रस्सा पाज म्हणाल्या. चिमणीला भूक आवरत नव्हती, म्हणून मांस कापलं त्याच पाटावर घाईत काकडी चिरून तिच्या हातात दिली. उरलेली मी खाल्ली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

शुक्रवार, १५
मंगळवारची कोरी प्लेट टाकायची राहून गेली होती. तिच्यावर अकरा ठिपके. तीन दिवसांनी, कोऱ्या पाण्यातून? झाकण नीट बसलं नसेल. मावशी सांगत होत्या की दवाखान्यात उलट्या-जुलाबाचे अकरा जण आलेत. मी हसले. अकरा काय, कुठेही येतात.

शनिवार, १६
सव्वीस ठिपके. दवाखान्यात फोन केला. सव्वीस.
साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी वही उघडून माझी सहा शून्यं आणि माझी सही दाखवली. तोंडातून गेलेला शब्द आणि दारातून गेलेला माल परत येत नसतो, म्हणाले. वर माझ्या लेकीची चौकशी केली. मला फार भीती वाटतेय.

रविवार, १७
चिमणीला पहाटेपासून ताप. कचऱ्याचा डबा उपसला. पाकिटाचा कागद सापडला, त्यावर सतरा. हे मी वाचलंच नव्हतं. मी! माझं काम काय आहे?
कारखान्यात जाऊन प्लेट घेऊन आले. अठ्ठावीस. नवे दोन काठाशी आहेत, एकमेकांना चिकटून. एक मोठा, एक बारीक.
माझ्याही पोटात मुरडा येतोय.

सोमवार, १८
दोघी दवाखान्यात, शेजारी-शेजारी खाटा. प्लेट जेवणाच्या डब्यात घालून आणली. मधले दोन ठिपके नाहीत. पुसट झाले म्हणावं तर तसंही नाही, तिथली जेली गुळगुळीत आहे. दहा वर्षं हे काम करतेय, उगवलेला ठिपका कधी जात नाही.
मावशी भेटायला आल्या. आपल्या गल्लीतला शिंपी गेला म्हणाल्या, आणि मागोमाग त्याची आई. पाकिटाचं मी त्यांना सांगितलं नाही. कळलं तर त्या जन्मभर रडत राहतील, आणि त्यांचा काही दोष नाही.

मंगळवार, १९
एकोणीस उरले. मोजायचं नाही ठरवते आणि— डॉक्टरांना प्लेट दाखवली. ते म्हणाले, बाई, ही तर कोरी आहे.
काठाचे दोन आहेत. आहेत.
चिमणीनं विचारलं, शाळेत कधी जायचं. सोमवारी म्हटलं.

बुधवार, २०, सकाळ
चौदा. काठाचे दोन आहेत. बारीक जरा— नाही. उजेड कमी आहे. तिनं पाणी मागितलं, दोन घोट घेतले. देवा, मी एक तास थांबले असते तर—

दुपार
नर्स म्हणते, शांत झोपलीय, उठवू नका. कपाळ गार लागतंय. ताप उतरला असेल. ताप उतरला की गारच—
प्लेट खिडकीशी धरली. काठाशी एकच आहे. मोठा.
झाकण पुसलं. पुन्हा पाहिलं. बारीक ठिपक्याच्या जागी—