नारळाच्या बुंध्यातलं तांबडं पाणी

सोलापूर, १६ ऑगस्ट १९७६

प्रिय ईरावहिनी,

सापडलं! होटगीच्या आपल्या घरून आत्ताच आले आणि चप्पलही न काढता तुला लिहायला बसले. आपल्या मळ्यातल्या नारळांच्या बुंध्यांतून जे तांबडं पाणी झिरपतंय, जे बघून अव्वा सासूच्या तोऱ्यात म्हणाली, "ही घरात आली अन् झाडं रगात गाळाय लागली," ते रक्तबिक्त काही नाही. ती बुरशी आहे. तिला नावही आहे, थिएलाविऑप्सिस. म्हणून बघ मोठ्यानं! मलाही पहिल्यांदा जमलं नव्हतं.

आषाढाला तू माहेरी गेलीस, तेव्हाच मी बुंध्यातल्या कुजक्या भागाचे तुकडे डब्यात घालून कॉलेजात आणले. पहिल्या खेपेला भलत्याच हिरव्या बुरशा वाढल्या, सगळं फेकावं लागलं. दुसऱ्या खेपेला बशीत काळपट बुरशी पसरली आणि प्रयोगशाळाभर पिकलेल्या अननसाचा वास! शिपाई तिप्पण्णा दारातून म्हणतो कसा, "ताई, सरबत करताय व्हय? मग आमाला बी द्या की!" सूक्ष्मदर्शकातून बघितलं, तर नळीतून एकामागे एक बाहेर पडणारे दांडीसारखे बीजाणू, आणि शेजारी काळे, अंड्यासारखे. आमच्या बाईंनी पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलं आणि म्हणाल्या, उसाचं बेणं जमिनीत कुजवते तीही हीच.

तिथं माझ्या डोक्यात लख्ख झालं. तुमच्या लग्नाला नारळ हवेत म्हणून चढायला बुंध्यांवर खाचा कुणी पाडल्या? तुझ्याच नवऱ्यानं, अण्णानं. कशानं? बेणं तोडायच्या कोयत्यानं! काल मळ्यात जाऊन बघितलं. पाणी झिरपतंय ते खाचांमधूनच, खाचा नसलेली झाडं ठणठणीत. अव्वाला एकेक खाच दाखवली. ती अण्णाच्या नावानं ओरडली, "ह्योच की खुळा!" अण्णानं कुजका भाग तासून गरम डांबर फासलं. झाडांपेक्षा त्याचंच तोंड जास्त काळं झालं होतं.

आता ज्यासाठी लिहितेय ते. आषाढ सरला तरी तुला आणायचं नाव कुणी घेत नव्हतं; आता गुरुवारी अण्णा तुला न्यायला अक्कलकोटला येतोय. अव्वानं तुझ्यासाठी इरकल लुगडं काढून ठेवलंय. "झाडं बरी हुतील म्हणं, आता पोरीला आण," म्हणाली. तुझ्यावर उगाच आळ घेतला, हे मात्र तिनं म्हटलं नाही. अण्णानंही नाही. मी नाचत निघाले होते, पण गाडीत मनात आलं, दुसऱ्या खेपेलाही बुरशी वाढली नसती तर? उद्या म्हैस आटली, तर मी कुठली बुरशी शोधून आणू? वहिनी, तू घरी यावीस असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नसेल. तरी सांगते, इरकल बघून निघू नकोस. अव्वा स्वतः तुमच्या उंबऱ्याशी येऊन चुकलं म्हणेपर्यंत येऊ नकोस. अण्णा चिडला तर हे पत्र खुशाल त्याच्या हातात दे.

तुझ्याच बाजूची,
हेमावती