बिनकडेचं सिंक

प्रिय साडूबुवा,

तुम्हाला आणि माझ्या मेव्हणीबाईंना नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून कुरकुरतो? माझी प्रकृती उत्तम, किंबहुना गरजेपेक्षा जास्तच उत्तम. आनंदाने ना झोप लागते, ना भूक. आमची मंडळी, म्हणजे तुमची मेव्हणी, तुमच्याकडे मजेत असेलच. हे पत्र मिस्त्रीच्या हाती पाठवतोय, त्याला संध्याकाळी तुमच्याच बाजूला काम आहे. तो चहा पितोय तोवर लिहितो. तिच्या नजरेला मात्र पडू देऊ नका. (पडलंच तर, अगं, मी वेळेवर जेवतोय.)

तर साडूबुवा, स्वयंपाकघरात नवीन सिंक बसलं! साधंसुधं नव्हे, ओट्याच्या दगडाला खालून चिकटवलेलं, बिनकडेचं! जुन्याला वर आलेली कड होती, आठवतं? ओटा पुसताना शितं, सालं, चहाची पावडर, सगळं त्या कडेशी येऊन अडायचं आणि तुमची मेव्हणी ते चिमटीने उचलून आत टाकायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, "आयुष्यात एकदा मला एका हाताने सगळं सरळ आत ढकलायचंय." लोकांच्या बायका दागिने मागतात हो! नदी सागराला मिळते तेव्हा मध्ये कुणी उंबरठा घालतं का? मग हिच्याच वाट्याला का? ती तुमच्याकडे निघाली आणि मी ठरवलं, परत येईल तेव्हा उंबरठा नसेल.

दुकानात मी प्रत्येक सिंकला टिचकी मारून आवाज ऐकत गेलो. रात्रीची भांडी ती घासते, मी पुसतो, आणि पुसता पुसता शाळेतल्या कविता म्हणतो, हे तुम्ही जाणताच. (मागच्या खेपेला दुसऱ्या कडव्यालाच तुम्ही उठून गेलात, ते मी मनावर घेतलेलं नाही.) जुन्या सिंकात पाण्याची धार पत्र्यावर असा ठेका धरायची की चाल चुकायची बिशाद नव्हती. चौथ्या-पाचव्या टिचकीला दुकानदार म्हणाला, "आजोबा, सिंक घ्यायचंय की घंटा?" शेवटी एक सापडलं. खोल, जाड पत्र्याचं, धीरगंभीर आवाजाचं. आमचे कविता शिकवणारे गुरुजी खाकरून सुरुवात करायचे ना, थेट तसं. मी तिथल्या तिथे दोन ओळी म्हणून पाहिल्या. दुकानदाराने लगेच गुंडाळून दिलं, मला थांबायलासुद्धा लावलं नाही.

मग मिस्त्री आला. त्याने दगड कापायला घेतला आणि धुरळा असा उडाला की आम्ही दोघे गिरणीतून आल्यासारखे दिसू लागलो. मी हरखून "आहाहा, आहाहा!" करत होतो. "काका, आहाहा म्हणू नका, हात हलतो," मिस्त्री म्हणाला. मग मी मनातल्या मनात म्हणत राहिलो.

आता नीट ऐका. सिंकच्या ओठाला चिकट मसाला लावायचा, ते खालून दगडाला दाबायचं आणि वाळेपर्यंत खाली टेकू द्यायचा. मिस्त्रीचे लाकडी ठोकळे नेमके अपुरे पडले. तो ओट्याखालच्या कपाटात घुसून दोन्ही हातांनी सिंक तोलून धरलेला, आणि ओरडतोय, "काका, काहीतरी सपाट द्या, जाड! पटकन!" घरात रद्दी नाही, तुमच्या मेव्हणीने निघण्याआधीच विकली. मी धावलो आणि उशाशी होतं ते घेऊन आलो. माझी कवितेची पुस्तकं. पाचवी, सहावी, सातवी, आठवी. (घाईतसुद्धा पाचवी खाली आणि आठवी वर. शिस्त म्हणजे शिस्त.) काय सांगू, तंतोतंत बसली! उगाच नाही म्हणत मी, कविता माणसाला पेलते!

तेव्हापासून मी कपबशा न्हाणीघरात विसळतोय. ओट्याला फडकं लावलेलं नाही, नव्या सिंकात शीतसुद्धा पडू दिलेलं नाही. पहिला हात तिचा.

आज मिस्त्रीने टेकू काढला. सिंक तसूभर हललं नाही! पाचवी, सहावी, सातवी सुखरूप बाहेर आली. आठवी आली नाही. मसाला ओघळून तिचा वरचा पुठ्ठा सिंकच्या बुडाला चिकटलाय, आणि पुस्तक वटवाघळासारखं खाली लोंबतंय. "ओढलं तर फाटेल," मिस्त्री म्हणतो, "राहू द्या ना काका, कुणाला दिसतंय?" साडूबुवा, त्यात माझी नदीची कविता आहे हो. पण सिंक! सिंक पाहाल तर!

पुन्हा एकदा बघून यावंसं वाटतंय, म्हणून इथेच थांबतो.

तुमचा,
ओट्यापाशी उभा असलेला साडू

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. ती परवा निघणार म्हणते. मसाला अजून पुरता मुरायचाय, तेव्हा तिला आठवडाभर ठेवून घ्या. गुडघा दुखतोय म्हणून कण्हा.

ता.क. २. कण्हू नका. आत्ताच तिचा फोन आला. काही सांगायचं नाही असा माझा पण होता. पहिल्याच श्वासात सगळं सांगून टाकलं. सिंकबद्दल अवाक्षर नाही! म्हणाली, "आठवीचं? अहो, त्यात ती नदीची आहे ना? तिसरं कडवं तुम्ही कायम चुकता." इतकी वर्षं "पुरे, ताटं पुसा" म्हणणारी ही बाई ऐकत होती, साडूबुवा! मग म्हणाली, "परवा येतेच आहे. तोवर ओट्याला कुणी हात लावायचा नाही."

ता.क. ३. मिस्त्री चप्पल घालतोय. तिच्याबरोबर तुमची ती कपाळाला बांधायची बॅटरी पाठवा. कपाटात उताणा शिरून पाहिलं, पानं छान उलटतात, उजेड तेवढा नाही. ती वर ओटा पुसेल, मी खालून तिसरं कडवं बिनचूक म्हणेन. कपाटाबाहेर माझे पाय दिसतील. दचकू नकोस म्हणावं.