नरसूची जांभळी मखमल

३ जानेवारी १९५४, रविवार

नवी वही. मराठीत लिहिणार, बाळबोध अक्षरात. आम्ही तंजावरकडचे मराठी; घरात सगळे मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ. वही उघडी राहिली तरी भीती नाही.

लिहिण्याचं कारण असं. काल अक्काच्या घरी ठरलं की नरसूचं जावळ स्वामीमलैच्या देवळात काढायचं, १० फेब्रुवारीला. नरसू म्हणजे अक्काचा मुलगा, नरसिंह. पाचवं वर्ष चालू आहे आणि जन्मापासूनचे केस कमरेला टेकलेत. जावळाला मूल मामाच्या मांडीवर बसतं. मामा मी. इथवर ठीक. पण अक्काच्या सासूबाई, मीनाक्षीबाई, म्हणाल्या की केस जाण्याआधी पोराला परकर-पोलकं घालायचं, फुलांची वेणी घालायची आणि फोटो काढायचा. मागे आरसा ठेवायचा, म्हणजे वेणीही दिसते. सगळ्यांच्या मुलांचा काढतात म्हणे.

माझाही काढला होता. आमच्या बैठकीत टांगला आहे. गेल्या दिवाळीनंतर मला बघायला मरुदानल्लूरहून माणसं आली होती. मुलीची मावशी त्या फोटोसमोर थांबली आणि म्हणाली, ही धाकटी छान आहे हो, हिचं कुठे जमलंय का? पुढे त्यांचं पत्र आलं नाही.

मी उभं राहून सांगितलं, हा मामा आहे तोवर नरसू परकर घालणार नाही. भावोजी पेपराआड हसत होते असं अक्का म्हणते. मला दिसलं नाही.

४ जानेवारी

निश्चय: नरसूचा कोट आणि हाफपँट मी स्वतः कापणार.

बिग स्ट्रीटवर व्यंकोबाकाकांच्या टेलरिंग दुकानात मी दोन वर्षं आहे. काका माप घेऊन आकडा ओरडतात, मी रजिस्टरमध्ये लिहितो. फोर्थ फॉर्मला शाळा सुटली, तरी रजिस्टरमध्ये एक खाडाखोड नाही. कात्रीला मात्र हात लावू देत नाहीत. आज सरळ विचारलं. काका म्हणाले, बरं, हा सूट पोराला बसला तर तुला कटर करतो, नाही बसला तर जन्मभर रजिस्टर. मी म्हणालो, लेखी द्या. म्हणाले, इथे लिहिणारा तूच, तूच लिही. लिहिलं. त्यांनी सही केली.

म्हणजे एका सुटात दोन कामं. भाचा परकरापासून वाचेल आणि मी कटर होईन.

७ जानेवारी, संध्याकाळ

मीनाक्षीबाईंशी बोललो. शांतपणे. केसांवर आजीचा हक्क असेल, जावळाच्या कपड्यांवर मामाचा आहे, हे मुद्देसूद मांडलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, चंद्रमौळी, तू मामा, तू आणशील ते मूल घालील. मग मी बदलायला सांगणार नाही, तूही सांगायचं नाहीस. पण अंगात गेलं नाही तर माझ्या ट्रंकेत हिरवा परकर तयार आहे.

मी लगेच कबूल. बाई इतक्या सहज नमतील असं वाटलं नव्हतं. स्पष्ट बोलण्याचा परिणाम.

१४ जानेवारी, पोंगल

दुकानातून दर पोंगलला मला शर्टाचं कापड मिळतं. यंदा ते नको म्हणालो आणि नाटक कंपनीच्या पडद्यातून उरलेली जांभळी मखमल मागितली. काका म्हणाले, पोराला सूट शिवतोस की रंगमंच? दिली मात्र. पितळी बटणंही दिली, सहा, जहाजाच्या नांगराच्या छापाची.

आई म्हणाली, स्वतःच्या अंगावर जुना शर्ट आणि भाच्याला मखमल, तुझ्यासारखा मामा कुंभकोणम्‌मध्ये नाही. ती चिडवत होती की काय ते कळलं नाही. स्तुती धरतो.

१७ जानेवारी, रविवार

टेप घेऊन गेलो. नरसू उभा राहीना. छातीभोवती टेप नेला तर मनगटाला चावला. मीनाक्षीबाई आतून ओरडल्या, जावळाआधी मूल मोजू नये, वाढ खुंटते. नरसूची वाढ खुंटेल असं त्याच्याकडे बघून कोणाला वाटणार नाही. पण वाद घातला नाही. रक्त आलं होतं.

१८ जानेवारी

चावला ते बरंच झालं. टेपने मापणं ही जुनी पद्धत. दुकानात दोऱ्याच्या कंपनीचं इंग्रजी कॅलेंडर आहे, त्याच्या पाठीमागे मुलांच्या मापांचा तक्ता. वय पाच: छाती तेवीस, कंबर बावीस, सगळं इंचांत. मी तो सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला. विलायतेत हजारो मुलं मोजून केलेला असणार. त्यात नरसू येतोच. शिवाय नरसूचं पाचवं अजून पुरं झालेलं नाही, म्हणजे उलट थोडं सैलच होईल.

काकांना दाखवला. ते म्हणाले, विलायतेतल्या पोरांना मीनाक्षीबाई भरवत नाहीत.

शास्त्राला हे लोक असंच हसतात.

२४ जानेवारी, रविवार

कापलं. दुकान उघडण्याआधी, सकाळी, टेबलावर एकटा. कात्री अगदी सरळ चालली. सुरुवातीला थोडी वाकडी. शिवणीसाठी कडेला जास्त कापड सोडतात, मी सोडलं नाही. ज्यांची मापं चुकतात त्यांना ते लागतं.

२ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत काकांच्या मशीनवर शिवतो आहे. कोट जवळजवळ तयार. हँगरवर लावला तर रस्त्यावरचे दोघे थांबून बघून गेले. एकजण बसची चौकशी करत होता. दुसरा कोटच बघत असावा.

बैठकीतला माझा फोटो मी रोज भिंतीकडे फिरवतो. आई रोज सरळ करते आणि म्हणते, वारा फार सुटलाय हल्ली.

७ फेब्रुवारी, रविवार

अक्का नरसूला दुकानात घेऊन आली. घालून बघितलं.

हाफपँट मांडीपाशी थांबली. मी वर ओढली, काकांनी नरसूला वर उचललं, अक्काने खालून ढकललं. गेली नाही. कोटाचं बटण आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर. बाह्या मात्र बोटांच्या खाली आल्या. नरसू म्हणाला, मामा, हा कोणाचा आहे?

तक्ता बरोबर आहे. पुन्हा तपासला. मुलगा तक्त्यात बसत नाही.

काकांनी रजिस्टर उचलून माझ्यासमोर ठेवलं.

८ फेब्रुवारी

दोन दिवस आहेत. घाबरण्यासारखं काही नाही. निश्चय: नरसूला दोन दिवस भात कमी आणि चालणं जास्त.

पहाटे त्याला घेऊन महामहम तळ्याला तीन फेऱ्या मारायच्या ठरवल्या. पहिल्या फेरीत त्याने इडली मागितली. नाही म्हणालो तर पायरीवर बसून इतका रडला की एका म्हाताऱ्याने मला मुलं पळवणारा समजून नाव विचारलं. चार इडल्या. दुसरी फेरी तो माझ्या खांद्यावर होता. तिसरी नाही.

९ फेब्रुवारी, दुपार

शिवण उसवली. सैल करायला कडेला कापडच नाही. काका शेजारी येऊन बसले. म्हणाले, मौळी, माघार घे, हिरवा परकर तयार आहे. मी म्हणालो, मेलो तरी मामाचाच कपडा जाईल त्याच्या अंगावर.

मग त्यांनी कोटाचे, पँटचे आणि उरलेल्या मखमलीचे तुकडे उभे-उभे मांडले. वर अरुंद, खाली रुंद. म्हणाले, या चौदा कळ्या झाल्या, जोड, वर नाडी घाल. याला माप लागत नाही, कोणालाही बसतं.

मी म्हणालो, हा परकर झाला.

ते म्हणाले, तू काय म्हणशील ते.

संध्याकाळी ५

नीट विचार केला. तंजावरच्या जुन्या चित्रांत राजे घेरदार जामा घालून बसलेले असतात. ढाल-तलवार आणि घेर. त्यांना कोणी मुलगी म्हणत नाही. मी शिवतो आहे तो जामा. जामा हा पूर्णपणे पुरुषी पोशाख आहे. पुढून सहा पितळी बटणं लावली. परकराला बटणं नसतात.

१० फेब्रुवारी, बुधवार

सकाळी गठडी घेऊन अक्काकडे गेलो. उघडण्याआधी सांगितलं, हा जामा आहे. मीनाक्षीबाईंनी उलगडून धरला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, अगं बघ, मामाने स्वतःच्या हाताने मखमलीचा परकर शिवून आणला! मी म्हणालो, जामा. त्या म्हणाल्या, होय रे बाबा, जामा, जरा नाडी ओढायला ये. बटणं बघून शेजारीण म्हणाली, हौस किती मामाला.

मी म्हणालो, वेणी तरी नको. मीनाक्षीबाईंनी ठरलेल्याची आठवण करून दिली: कपडे मामाचे, केस आजीचे.

मणीच्या स्टुडिओत मागे आरसा ठेवला. मणी तमिळमध्ये म्हणाला, पाप्पा, इकडे बघ. पाप्पा म्हणजे छोटी मुलगी. मी मोठ्याने सांगितलं, मुलगा आहे. मणी म्हणाला, ठाऊक आहे सार, इथे येतात त्या निम्म्या पाप्पा मुलगेच असतात. जन्मात पहिल्यांदा नरसू एका जागी उभा राहिला. हसलासुद्धा. कोणी सांगितलं नव्हतं.

स्वामीमलैला जावळ झालं. माझ्या मांडीवर. तो रडला नाही, मी त्याचं डोकं घट्ट धरलं होतं म्हणून. माझे डोळे भरले ते केस उडून त्यांत गेल्यामुळे. नंतर मी बाजूला ठेवलेली चड्डी आणि सदरा काढला. नरसूने जामा सोडायला नकार दिला. मी दटावलं. मीनाक्षीबाई म्हणाल्या, मामा आणील ते घालील, बदलायला सांगायचं नाही, कबूल केलं होतंस ना?

परतीच्या बसमध्ये गुळगुळीत डोकं, त्यावर चंदन, खाली जांभळी मखमल. कंडक्टरने विचारलं, ही मुलगी की मुलगा? मी उत्तर जुळवत होतो. नरसूने घेर दोन सीटवर पसरला आणि म्हणाला, मी नरसिंह. कंडक्टर बरं म्हणाला आणि पुढे गेला.

एवढ्यावर कसा गेला, कळत नाही. मला आजवर कोणी असं सोडलेलं नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार

दुकानात लेखी कागद काढला. त्यात "सूट बसला तर" असं आहे. मी म्हणालो, बसला, आकार बदलला एवढंच. काकांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, तिरुभुवनम्‌च्या विणकरांच्या बायका दोनदा येऊन गेल्या, मीनाक्षीबाईंच्या नातवासारखं आमच्या मुलींना हवंय म्हणून. घे कात्री.

आजपासून मी कटर आहे. हाफपँटा आणि कोट काका स्वतः कापणार. माझं टेबल आतल्या बाजूला, पडद्यामागे. तिथे उजेड चांगला असतो. पडदा बाजूला केला की.

बायकांना मी स्पष्ट सांगितलं की याला जामा म्हणतात. त्या म्हणाल्या, बरं, तर मग तीन जामे, आणि वर पोलकी.

२१ फेब्रुवारी

सात झाले. सगळे नीट बसले. नाडीमुळे, असं काका म्हणतात. कटिंगमुळे, असं माझं म्हणणं आहे.

दुपारी नरसू आला. मखमल गुडघ्याशी फाटली आहे, झाडावर चढला होता. दुसरा हवा, हिरवा. मी त्याला समोर उभं करून स्वच्छ समजावलं की आता तो मोठा झाला, केस गेले, यापुढे चड्डी आणि सदरा, मुलग्यांनी मुलग्यांसारखं राहावं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, उद्या होईल का?

नाही म्हणालो. ठामपणे. बुधवारी होईल.

हा शेवटचा. तसं बजावलं आहे. घेर थोडा जास्त ठेवतो आहे, वाढतं वय आहे.