डिस्क हातात हवी

८ जून २०२५, रविवार
सकाळी लॅपटॉप उघडला, तर विकत घेतलेला रेसिंगचा गेम लायब्ररीतून गायब. कंपनीला मेल केला. उत्तर आलं: तुम्ही गेम विकत घेतलाच नव्हता, फक्त खेळायचा परवाना घेतला होता, तो आम्ही मागे घेतला आहे. म्हणजे मी भाडेकरू.
बास. पीसी गेम पुन्हा डिस्कवर आणायचे. खोक्यात, पुस्तिकेसकट. पुण्यात हे कोणीतरी करायलाच हवं, आणि माझ्याशिवाय दुसरं नाव डोळ्यासमोर येत नाही.
नम्रताला सांगितलं. ती म्हणाली, आपल्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाहीये. बायकोची नजर कायम बारीकसारीक गोष्टींवर.

२२ जून
गेम मिळाला. आमच्याच सोसायटीत, वारज्यात. बी विंगमधली अपेक्षा इंजिनियर झाल्यापासून नोकरी न करता एकटीच गेम बनवतेय. ‘भुयार’. पेठांच्या खालच्या जुन्या पाण्याच्या भुयारातून एक मुलगी वाट काढते. मी खेळलो. गेम खरंच चांगला आहे. दुसऱ्या टप्प्यात पाणी चढायला लागतं तेव्हा मी खुर्चीवर पाय वर घेतले.
पुढच्या महिन्यात एका ऑनलाइन गेम महोत्सवात तिची निवड झालीये म्हणे. तासभर समजावलं. आधी डिस्क, मग बाकीचं. दिवाळीपर्यंत ऑनलाइन टाकायचं नाही.
“काका, विचार करून सांगते,” म्हणाली. काका कशाला?

२९ जून
अपेक्षा हो म्हणाली. महोत्सवातून नाव काढून घेतलं. आवाज जरा बसलेला वाटला. हवा बदललीये.

१० ऑगस्ट
कासिमच्या दुकानात गेलो. कॉलेजपासूनचा मित्र, कसबा पेठेत मोबाइल दुरुस्ती करतो. खोकी मांडायला काउंटरची पुढची काच आपल्याला हवी म्हटलं. तो म्हणाला, “रंगनाथ, तिथे स्क्रीनगार्ड असतात, त्यावर माझं घर चालतं.” शेवटी दिली. मैत्री म्हणतात ती ही.
पुस्तिका लिहायला घेतलीये. माझं मनोगतच सोळा पानं झालं. अपेक्षाचं नाव मागच्या कव्हरवर बसवू, बारकोडच्या वर.

१४ सप्टेंबर
डिस्क आल्या. एक हातात घेऊन दिव्याखाली फिरवून पाहिली.
संध्याकाळी अपेक्षाला एक चूक सापडली. तिसऱ्या टप्प्यातलं लोखंडी दार उघडतच नाही. दुरुस्ती इंटरनेटवर ठेवते, लोक उतरवून घेतील, म्हणाली. मी स्पष्ट नकार दिला. इंटरनेट नको म्हणून तर हा सगळा खटाटोप. खोक्यात चिठ्ठी घालू: ‘तिसऱ्या टप्प्यात दारापाशी थांबावे.’
तिने लॅपटॉप मिटला. पटलं असावं.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
कासिमच्या दुकानात प्रकाशन. अपेक्षाचे आईवडील आले, नम्रता आली. वडिलांनी मुलीच्या गेमचं खोकं दोन्ही हातांत धरून फोटो काढून घेतला. एका गृहस्थांनी यात जुनी गाणी आहेत का विचारलं. बाकी जे आले ते स्क्रीनगार्डसाठी, आणि ते आत कुठेतरी ठेवलेले कासिमला सापडेनात.
सणाचे दिवस. लोक घाईत असतात.

९ नोव्हेंबर
अपेक्षाने ‘भुयार’ ऑनलाइन टाकला. मला न विचारता. फोन केला तर म्हणाली, “काका, मी विचारत नाहीये, सांगतेय.”
तिथेही कोणी फारसं घेत नाहीये म्हणे. महोत्सवात नाव असतं तर लोकांनी पाहिला असता, असं तिच्या आईने नम्रताला सांगितलं. नम्रता तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतेय. या पिढीला धीर नाही, हे दोघींनाही कोणीतरी सांगायला हवं.
कासिमने खोकी घरी पोचवली. नंतर दुकानात डोकावलो, तर काच पुसून पुन्हा स्क्रीनगार्ड लावलेत. चहा विचारायला विसरला.

७ डिसेंबर
सोसायटीच्या चेअरमनांचा फोन. डिस्क शिल्लक आहेत का? किती हव्यात विचारलं, तर म्हणाले, असतील तेवढ्या द्या. शेवटी लोकांना किंमत कळली. मागणी आपल्याच आवारातून आली, हे विशेष.
खोकी मात्र नकोत म्हणाले. पुस्तिकाही नको.

८ डिसेंबर
चेअरमन स्वतः येऊन घेऊन गेले. चकाकीला कबुतरं घाबरतात म्हणे. बाल्कनीत टांगायच्यात.
दिल्या. आपलीही एक लावली, नाहीतर वेगळं दिसलं असतं.

२१ डिसेंबर
अपेक्षा निरोप घ्यायला आली होती. बंगळुरूला नोकरी मिळालीये, बँकेच्या अ‍ॅपचं काम. पुढचा गेम कधी, विचारलं. आता नाही, म्हणाली.
नम्रताने चहा ठेवला. मी अपेक्षाला बाल्कनीत नेलं. समोरच्या विंगला मजल्यामजल्यावर ‘भुयार’ दोरीला फिरत होता. म्हटलं, बघ, घरोघरी पोचला.
तिने बोटाने मजले मोजले. मग आमच्या जाळीकडे वळून म्हणाली, “तुमची उलटी बांधलीये. नाव आत आलंय.”
चहा न घेताच गेली.
ती गेल्यावर डिस्क सोडून सरळ बांधली. नाव बाहेर आलं, चकचकीत बाजू आत गेली. थोड्या वेळाने कबुतर येऊन शेजारी बसलं.