सात नंबरच्या मशीनवरची वच्छला

६ जानेवारी, सोमवार

अमरावतीला इंडस्ट्रियल शिलाई मशीनचा कोर्स आजपासून सुरू झाला. मी गेलो नाही. पहिल्या दिवशी बेसिक शिकवतात. सुई इथे, पेडल तिथे, वगैरे. वलगावात तीस वर्षं लेडीज टेलर म्हणून पायमशीन चालवणाऱ्या माणसाने सुई ओळखायला बसने जायचं म्हणजे आचाऱ्याने चूल बघायला जाण्यासारखं आहे. त्यापेक्षा घरी बसून प्लॅनिंग केलं.

प्लॅन असा. महिनाभर कोर्स. मग परीक्षा. पास झालेल्यांना नांदगाव पेठेच्या चादरींच्या फॅक्टरीत नोकरी. दिवाळीपर्यंत सुपरवायझर. पुढच्या वर्षी स्वतःचं युनिट, नाव 'वच्छला टेक्सटाइल्स'. एक्स्पोर्टचं नंतर बघू.

मुलीचा, पायलचा अकोल्याहून फोन. तिची अट ठरली : पास झालो तर मी वलगावातच राहायचं, नापास झालो तर दुकान बंद करून तिच्याकडे अकोल्याला. मी म्हटलं, मंजूर. हाताच्या काकणाला आरसा कशाला.

तिची आई, वच्छला, जाऊन वर्ष झालं. मी पूर्ण सावरलेलो आहे. पायलला हे पटत नाही, कारण मागच्या खेपेला ती आली तेव्हा मी चहाचे दोन कप भरून ठेवले होते. सवयीने भरले जातात. दुसराही मीच पितो, म्हणजे वाया काही जात नाही.

७ जानेवारी, मंगळवार

गेलो. शिकवणाऱ्या रागिणी मॅडम बाळापूरच्या, वयाने पायलएवढ्या. मला सात नंबरची मशीन दिली. म्हणाल्या, काका, कालचं थोडक्यात सांगू का. मी म्हटलं, मॅडम, हे आमच्या रक्तात आहे.

पेडलला पाय लावला आणि मशीन सुटली. उशीचा अभ्रा पुढे, मी मागे. बरं, वेग समजू शकतो. पण वीतभर शिवण झाली की खटक् आवाज येतो, मशीन थांबते, सुई वर जाते आणि धागा कापलेला असतो. आपोआप. कात्री कुठे दिसत नाही. असं दिवसभर.

शेजारी सहा नंबरवर हिवरखेडची मंजुषा बसते. तिचा धागा नाही कापला जात. आठ नंबरवरच्या मुलीचाही नाही.

कारण : व्होल्टेज.

९ जानेवारी, गुरुवार

व्होल्टेज नाही. सुई बदलली, धागा बदलला, बॉबिन बदलली, खुर्चीही बदलली. तोच प्रकार. मंजुषा पुटपुटली, नाचता येईना अंगण वाकडं. कोणाबद्दल बोलली कळलं नाही.

आज एक गोष्ट लक्षात आली, ती लिहून ठेवतो. माझ्या दुकानात धागा मी कधीच कापला नाही. वच्छला शेजारी स्टूलावर बसायची, हातात छोटी कात्री. शिवण संपली की मी नुसता हात उचलायचा, ती कापायची. हुक, काज, तुरपाई चालू असायची, पण माझी शिवण संपली हे तिला न बघता कळायचं. आणि मी जेवणवेळ टळून गेली तरी मशीन रेटत राहिलो की मध्येच धागा कापून टाकायची. म्हणायची, पुरे, आता जेवा, ते ब्लाऊज काही पळून नाही जाऊन राहिलं.

आज जेवणाच्या सुट्टीला पोरी उठल्या. मी उठलो नाही, मला प्रॅक्टिस करायची होती. खटक्. परत सुरू केली. खटक्. तिसऱ्यांदा तर सुई खाली जाते न जाते तोच.

उठलो आणि डबा खाल्ला. मानेवर गार वाटत होतं. भुताखेतावर माझा विश्वास नाही. फक्त नोंद.

१० जानेवारी, शुक्रवार

दुकानातलं स्टूल घेऊन गेलो. बसमध्ये कंडक्टर म्हणे, काका, सीट खाली हाय, स्टूल कायले आनलं. सात नंबरच्या उजव्या बाजूला ठेवलं. मंजुषा त्यावर पर्स ठेवायला आली. मी म्हटलं, ती जागा भरलेली आहे. ती म्हणे, इथं कोन बसलं हाये? मी म्हटलं, येईल.

आज धागा नेहमीपेक्षा जास्त वेळा कापला गेला. म्हणजे आली.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

ट्रेनिंग सेंटरमध्ये हळदीकुंकू. सगळ्या मुली नटून आल्या. रागिणी मॅडमनी वाण म्हणून प्रत्येकीला शिलाईची छोटी कात्री दिली. मला तिळगूळ देऊन गोड बोला म्हणाल्या. मी गोडच बोलत असतो.

मग मी म्हटलं, एक वाण इकडे पण लागेल. त्यांनी विचारलं, कोणासाठी. मी म्हटलं, आमच्या घरून आल्या आहेत. वच्छला सवाष्ण गेली, तिचं हळदीकुंकू कसं चुकवायचं? मॅडमनी स्टूलाला हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं लावलं, वर कात्री ठेवली आणि तिळगूळ ठेवला. भल्या बाई आहेत.

मंजुषा मात्र मशीन बदलून द्या म्हणत होती. म्हणे, मॅडम, मले त भेव लागते. आजकालच्या पोरी फारच अंधश्रद्धाळू.

१७ जानेवारी, शुक्रवार

शास्त्रीय पद्धत शोधून काढली. मी प्रश्न मनात धरायचा आणि मशीन चालवायची. एकदा खटक् म्हणजे हो. लागोपाठ दोनदा म्हणजे नाही.

विचारलं, वच्छला, तूच का? हो.
विचारलं, थंडीबिंडी वाजते का? नाही.
विचारलं, माझ्यावर राग आहे का? लागोपाठ तीनदा. हे तिचं जुनंच आहे, सरळ उत्तर कधी दिलं नाही.

अभ्र्याकडे आज बघणं झालं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

मॅडमनी सगळ्यांचे नमुने टेबलावर मांडले. माझ्या अभ्र्याची शिवण ठिकठिकाणी तुटलेली. मॅडम म्हणाल्या, काका, उशी यातून बाहेर येऊन राहिली. पोरी हसल्या. मी म्हटलं, हवा खेळती राहावी म्हणून.

वेगात मी सध्या शेवटचा आहे. कारण बाकीच्या एकट्या काम करतात. मला मध्ये मध्ये बोलावं लागतं.

संकल्प : उद्यापासून फक्त दुपारच्या सुट्टीत बोलायचं.

२२ जानेवारी, बुधवार

संकल्प मोडला. सुरुवात तिने केली.

२४ जानेवारी, शुक्रवार

पायलचा फोन. मॅडमनी फॉर्मवरच्या नंबरवर तिला काहीतरी कळवलेलं दिसतं. म्हणे, बाबा, तुमी आईसंग बोलून राहिले का? मी म्हटलं, कोण म्हणतं? ती म्हणे, तुमाले तिथं करमत नसन त या ना इकडे, परीक्षा-बिरीक्षा जाऊ द्या. मी म्हटलं, मला उत्तम करमतं. आवाज जरा चढला. मग ती रडायला लागली. अकोल्याचं नेटवर्क बरं नाही म्हणून फोन ठेवला.

सेंटरवर जाऊन सात नंबरला विचारलं, अकोल्याला जाऊ का? खटक् खटक्. नाही.

विषय संपला. मी इथून गेलो तर ती एकटी पडेल.

२८ जानेवारी, मंगळवार

आज रागिणी मॅडम माझ्या टेबलाखाली वाकून बसल्या. मला वाटलं काही पडलं. त्या माझे पाय बघत होत्या. म्हणाल्या, काका, मशीन चालवा. चालवली. खटक्. परत चालवा. खटक्. मग म्हणाल्या, काका, तुमी टाच कायले दाबून राहिले?

मी म्हटलं, पायमशीन अशीच चालवतात. चवडा, टाच, चवडा, टाच. तीस वर्षं.

मग त्यांनी समजावलं. ही मशीन तशी नाही. चवडा दाबला की चालते. टाच दाबली की आतली सुरी धागा कापते. हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं, तुमी नव्हते. मी म्हटलं, मला साधारण कल्पना होती.

त्यांनी चिंध्यांची गुंडाळी करून माझ्या टाचेखाली ठेवली. आता टाच खाली जाईना. चवडा दाबला. चादरीची अख्खी कड या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात शिवून निघाली. सरळ, सुंदर. सगळ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. मंजुषाने सगळ्यांत जोरात.

मी पण हसलो.

घरी येऊन चहा केला. एक कप.

३१ जानेवारी, शुक्रवार

प्रगती जबरदस्त. चादरी, अभ्रे, पडद्यांच्या दुमडी, सगळं सलग. मॅडम म्हणाल्या, असंच चाललं त तुमी पहिले येता. म्हणजे सुपरवायझरचा प्लॅन वेळेच्या पुढे आहे.

सात नंबरला दोन-तीन गोष्टी विचारल्या. काही नाही.

ये-जा करताना अडतं म्हणून मॅडमनी स्टूल भिंतीला लावायला सांगितलं. लावलं. तसंही ते रिकामंच होतं.

मन उत्तम आहे. जेवायचं मात्र राहून जातं. कोणी उठवत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

संकल्प : विचार करायचा नाही. टाचेचा तर नाहीच.

एक शंका मात्र आहे. समजा टाच माझीच होती. पण ती नेमकी जेवायच्या वेळेला कोणी दाबायला लावली? रागिणी मॅडमकडे याचं उत्तर नाही. मी विचारलेलं नाही, पण नसणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

परीक्षा. फॅक्टरीचे साहेब आले होते. चार अभ्रे शिवायचे होते. टाचेखालची गुंडाळी काढून घेतली, परीक्षेत चालत नाही. मला गरजही नव्हती. पाय तयार झाला आहे.

पहिला अभ्रा फर्स्ट क्लास. दुसरा फर्स्ट क्लास. साहेब मागे येऊन उभे राहिले. मॅडमना म्हणाले, हे काका आपल्याले पाहिजेत. तिसराही झाला, शिवण कुठेही तुटली नाही. हॉलमध्ये सगळ्या मशीनींचा एकच आवाज चालला होता आणि त्यात माझ्या मशीनचा कुठे अडखळत नव्हता. आता उद्या फॅक्टरीत, परवा फॅक्टरीत, जन्मभर हे असंच चालणार, मध्ये थांब म्हणणारं कोणी नाही, हे मला त्या तिसऱ्या अभ्र्याच्या शेवटी कळलं. फार भीती वाटली. परीक्षेची नाही.

चौथ्याला मी टाच दाबली.

खटक्. धागा कापला. मी वाट बघितली. मग परत दाबली. मनात म्हटलं, वच्छला, आहेस का, एकदाच सांग. खटक्. हो. म्हटलं, खरंच? खटक्. मग मी दाबतच गेलो. सुईखाली धाग्याचा गुंता झाला, अभ्रा त्यात अडकला. मॅडम धावत आल्या, म्हणाल्या, काका, काय करून राहिले, टाच उचला. आणि मी सगळ्यांसमोर, साहेबांसमोर, मोठ्याने म्हणालो, थांबा ना जरा, आम्ही बोलून राहिलो.

सगळ्या मशीनी थांबल्या.

त्या शांततेत मी अजून एकदा टाच दाबली. खटक् झालं. नुसतं खटक्. लोखंडाचं लोखंडावर. ती नव्हती. टाच माझी होती.

८ फेब्रुवारी, शनिवार

नापास. परीक्षेत पार्शलिटी होते असं ऐकून होतो.

मंजुषा पास झाली. पेढा घेऊन आली आणि वाकून पाया पडली. म्हणाली, काका, ते स्टूल मी पुसून ठेवलं, घरी नेजा. मी तिला म्हटलं, टाचेकडे लक्ष दे.

९ फेब्रुवारी, रविवार

पायल न्यायला आली. मी सामान बांधलं. अकोल्याला मी फक्त हवापालटासाठी चाललो आहे. प्लॅन कायम आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार, अकोला

पायलकडे घरगुती इलेक्ट्रिक मशीन आहे, जावयांनी घेतलेली, कोणी वापरत नाही. आज ती म्हणाली, बाबा, एक अभ्रा शिवून द्या ना. मला रिकामं बसवायचं नाही म्हणून काढलेलं काम, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. तरी शिवला.

शिवण संपली आणि माझा हात उचलला गेला. तसाच वर राहिला. पायल दारात उभी होती. तिने विचारलं, काय झालं बाबा? मी म्हटलं, धाग्याचा ताण बघून राहिलो. ती आत गेली.

मला वच्छलाची फार आठवण येते. दिवसभर येते. सावरलोबिवरलो काही नाही.

या मशीनला कापायची सोय नाही. बराच वेळ बसलो. मग कात्री कुठे असते ते पायलला विचारलं आणि धागा कापला.