स्टिअरिंगचा घाव

अप्पा,

गेल्या रविवारी खारघरमध्ये मी एका माणसाचं नाक फोडलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. मारामारीतलं आपल्या घरात तुमच्याइतकं कुणाला कळत होतं?

हल्ली लोक घरी बसून गाड्यांच्या शर्यती लावतात. टेबलाला स्टिअरिंग बसवायचं, पायाशी पेडल, समोर स्क्रीन, कानाला हेडफोन. मी महाप्याच्या ऑफिसातून कोपरखैरण्याला येते, आईच्या हातचं खाते आणि बसते. पूर्वी हा खेळ कॉम्प्युटरने चालवलेल्या गाड्यांशी खेळायचा. आता ते कुणाला नको असतं. सगळ्यांना समोर माणूस हवा, मग तो ब्राझीलचा असो की कोल्हापूरचा. कॉम्प्युटरच्या गाडीला धडक दिली तर ती मुकाट बाजूला होते. माणूस चिडतो, शिव्या घालतो, पुढच्या वळणावर सूड घेतो. या खेळाला एवढी गर्दी लोटली आहे ती त्यासाठीच, असं मला वाटतं. मीही त्याच गर्दीतली.

आमच्या रविवारच्या लीगमध्ये, म्हणजे शर्यतींच्या स्पर्धेत, खारघरचा एकजण होता. तो माझ्या मागेच लागला होता. मी वळणाला ब्रेक दाबला की मागून येऊन ठोकायचा आणि मला ट्रॅकच्या कडेच्या भिंतीवर घालायचा. गाडी भिंतीवर गेली की हातातलं स्टिअरिंग असा हिसका देतं की मनगटं दुखत राहतात. वर हेडफोनमध्ये त्याचा आवाज, ‘‘काय काकू, भाजी करपली वाटतं गॅसवर?’’ बाकीचे हसायचे. मी काही बोलायचे नाही. महिनोन्‌महिने बोलले नाही.

त्या गप्प बसण्यात मला तुम्ही आठवायचात. शाळेला सुट्टी आहे, मी तुमच्या ट्रेलरच्या केबिनमध्ये उंच बसले आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर एक टेम्पो आपल्या आरशाला घासून जातो. तुम्ही ट्रेलर आडवा घालून त्याला थांबवता, सीटखालची टॉमी काढता, ती लोखंडी पहार, आणि खाली उतरता. तो माणूस हात जोडतो आहे. टॉमी त्याच्या जोडलेल्या हातांवर पडते, मग खांद्यावर, मग तो खाली बसतो तरी पाठीवर. तुम्ही परत वर चढता, धापा टाकत, आणि पुढच्या चौकात मला उसाचा रस पाजता. ‘‘रस्त्यावर मान खाली घातली की लोक अंगावरनं जात्यात,’’ असं म्हणता. मी ग्लास दोन्ही हातांनी धरून पिते.

घरी आई मोरीत तुमचा रक्ताळलेला शर्ट धुवायची. एकदा तिने नुसतं विचारलं, ‘‘आज कुणाचं?’’ तुम्ही तिला केसाला धरून ओट्यावर आपटलंत. कढईतलं तेल तिच्या दंडावर सांडलं. तो डाग अजून आहे, आता सुरकुत्यांत मिसळून गेलाय.

आणि मग तुर्भ्याला तुम्ही असेच कुणासाठी तरी खाली उतरलात. समोरच्या गाडीत तिघे होते. त्यांनी टॉमी तुमच्याच हातातून काढून घेतली. वाशीच्या दवाखान्यात आईला तुमचा चेहरा दाखवला नाही, पाय दाखवले. तिने पायांवरून ओळखलं.

तर रविवारी लीगची फायनल होती, खारघरच्या एका हॉलमध्ये, सगळे समोरासमोर. माझ्या शेजारीच तो. टोमण्यांवरून मी कुणी दांडगा तरुण धरून चालले होते. निघाला माझ्याच वयाचा, किडकिडा, चष्मेवाला, घरून डबा आणलेला. शेवटच्या फेरीत मी पुढे होते. त्याने मला पुन्हा भिंतीवर घातलं आणि या वेळी हेडफोनमधून नाही, माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘लागलं का, काकू?’’

ही स्टिअरिंगं एका खटक्यात दांड्यावरून निघतात. मी ते काढलं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. चष्मा फुटला, नाकाचं हाड वाजलेलं मला ऐकू आलं. तो खुर्चीतून पेडलांवर पडला आणि मी पुन्हा हाणलं, कानावर. त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं, ‘‘बस, बस,’’ म्हणत राहिला. मी तिसऱ्यांदा हात उचलला होता. मी थांबले नाही, अप्पा. मला चौघांनी धरलं. आणि धरलेलं असताना मला जे वाटत होतं ते वाईट नव्हतं. छाती मोकळी झाली होती.

लीगवाल्यांनी मला कायमचं काढून टाकलं. त्याने पोलिसांत तक्रार दिली नाही. घरी आल्यावर आईला सांगितलं. ती खाली मान घालून लसूण सोलत होती, तो तिने बाजूला ठेवला. मग म्हणाली, ‘‘उद्या त्याच्या घरी जायचं. मी येती संगं.’’

त्याच्या बायकोने दार उघडलं. रविवारी हॉलमध्ये तीही होती; मला ओळखून तिने दार अर्धं लावून घेतलं. आईने दारातूनच सांगितलं, ‘‘माझ्या मालकाला लोकांनी रस्त्यात मारलं, बाई. आमच्या दारात माफी मागायला कुणी आलं न्हाई. म्हणून मी आले.’’ आतून तो म्हणाला, ‘‘येऊ दे त्यांना.’’ नाकावर पट्टी, एक डोळा काळानिळा, पूर्ण बंद. मी माफी मागितली. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘समोर बसलेली बाई खरी असते हे डोक्यातच यायचं नाही. स्क्रीनवर नुसती गाडी दिसते ना.’’ त्याची बायको चहा घेऊन आली. कप देताना तिने माझ्या बोटांना बोट लागू दिलं नाही. ते मी पाहिलं, आणि मोकळ्या झालेल्या छातीत काहीतरी पुन्हा घट्ट बसलं.

निघताना त्याने विचारलं, ‘‘चालवता मात्र जबरी. शिकलात कुठे?’’

‘‘वडिलांनी शिकवलं,’’ मी म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. तुम्ही मला कधी स्टिअरिंगला हातसुद्धा लावू दिला नव्हता. मी वाशीच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले, तुमच्यानंतर. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून सांगते. त्या घरात, त्या बाईसमोर, मला तुमच्याबद्दल एखादी चांगली गोष्ट बोलायची होती, आणि खरी एकही आठवेना.